अंगणवाडी फक्त खिचडीपुरती?

"आज काय खाल्लंस?" अंगणवाडीतून आलेल्या मुलाला आपण एवढंच विचारतो. पण तिथे ३ ते ६ वर्षांच्या मुलांचं शिक्षणही व्हायला हवं. केंद्राचा २०२३ मधला 'पोषण भी, पढाई भी' हा कार्यक्रम त्यासाठीच आहे. हे शिक्षण घरी पुढे चालायचं, तर पालक सोबत हवेत. मात्र पालकसभा बरेचदा भरदुपारी! आई मजुरीवर, बाबांना निरोपच नाही. ताराबाई मोडकांनी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. मग सभा संध्याकाळी, वस्तीवर का नको? अर्थात, सेविकाताईंवर आधीच नोंदींचं ओझं. जादा वेळेचा मोबदला त्यांना मिळायलाच हवा. आणि मैत्रिणींनो, पुढच्या सभेला मुलाच्या बाबांनाही घेऊन जा.