जोड बरोबरीची हवी

बारामती-इंदापूर भागात जत्रेच्या फडात कुस्ती लावताना जाणती मंडळी आधी जोड पाहतात. वय, वजन, तयारी जुळली की मगच पैलवान हातात हात देतात. ऑलिंपिकमध्ये हे काम वजनगट करतात. पैलवान खाशाबा जाधव तिथे १९४८ मध्ये फ्लायवेट गटात सहावे आले आणि १९५२ मध्ये बँटमवेटचे कांस्यपदक जिंकले.

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमलाही हीच शिस्त लागते. पात्र घडवताना मोजकेच गुण वाटायचे असतात. सगळे ताकदीत घातले की चपळाईला काही उरत नाही. प्रत्येक डावाला प्रतिडाव हवा, तशी प्रत्येक घडणीला तोड हवी.

जादा धारेची तलवार पैशांनी विकत मिळू लागली की हा तोल ढळतो. सुट्टीभर सराव केलेला मुलगा श्रीमंत प्रतिस्पर्ध्यापुढे क्षणात हरतो. हा त्याच्या मेहनतीवर अन्याय आहे.

उपाय अवघड नाही. २०१२ मध्ये आलेल्या ‘गिल्ड वॉर्स २’ या ऑनलाइन गेमच्या स्पर्धात्मक लढतींत सर्वांना समान पातळी मिळते, कमावलेली शस्त्रे तिथे वरचढ ठरत नाहीत.

‘राजी’सारखा गेम पुण्यात घडला. इथल्या निर्मात्यांनी ऑनलाइन लढती रचताना पोशाख, रंग जरूर विकावेत. ताकद मात्र विकू नये.