माग सोडून गोदामात: धंदा बदलताना हिशेब काय करायचा?

खडवली स्टेशनवरून कल्याणकडे जाणारी लोकल असो की खडवली फाट्यावरून भिवंडीकडे निघालेली रिक्षा, एकच विषय कानावर पडतो: "मागाचं काम आता परवडत नाही, दुसरं काही बघायचं का?"

प्रश्न खरा आहे. 2016 ची नोटाबंदी, 2017 चा जीएसटी, सुताचे वरखाली होणारे भाव आणि वाढती वीजबिलं यांनी भिवंडीच्या यंत्रमागांचं कंबरडं मोडलं. अनेकांनी माग भंगारात काढले. दुसरीकडे नाशिक महामार्गालगत गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत येतो, तो जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. म्हणजे काम आहे, पण त्याचं रूप बदललंय.

मागावरच्या कारागिराला हुनर होतं. गोदामात माल उचलणाऱ्याला ते लागत नाही, म्हणून त्याच्या जागी दुसरा माणूस लगेच मिळतो. त्यात बरीच भरती ठेकेदारामार्फत होते. म्हणून पगाराचा आकडा ऐकून हुरळू नका. आधी तीन गोष्टी विचारा: पगारपत्रक मिळणार का, पीएफ कापणार का, ईएसआयचं कार्ड मिळणार का? ईएसआयची पगारमर्यादा 21,000 रुपये आहे. घरात आजारपण असेल तर हे कार्ड हजार-दोन हजारांच्या जादा पगारापेक्षा मोलाचं ठरतं.

जे आधीच पक्क्या नोकरीत आहेत, त्यांनी राजीनाम्याची तारीख नीट बघावी. ग्रॅच्युइटीसाठी कायम कामगाराला साधारण पाच वर्षं सलग नोकरी लागते. पीएफच्या पेन्शनसाठी दहा वर्षं लागतात. नोकरी बदलताना ते पैसे काढून खाऊ नका, यूएएनवरून नव्या खात्यात वर्ग करा.

गोदामातच जायचं असेल तर फोर्कलिफ्ट, संगणकावरची मालनोंद, वायरिंग असं एखादं काम हाताला लावून जा. मागाचा मेकॅनिक यंत्र ओळखतो. त्याने हमाली करणं म्हणजे वीस वर्षांची विद्या फुकट घालवणं.

स्वतःचा धंदा काढायचा तर पीएमईजीपी योजनेत अल्पसंख्याकांना ग्रामीण भागात 35 टक्के, शहरात 25 टक्के अनुदानाची तरतूद आहे, स्वतःचे 5 टक्के घालावे लागतात. मात्र बाकी रक्कम बँकेचं व्याजी कर्ज असतं. ज्या घरात व्याज टाळतात, त्यांनी अर्ज करण्याआधीच मशवरा करावा, मंजुरीनंतर नव्हे.

आणि एक. हा निर्णय एकट्या कमावत्या पुरुषाचा नाही. सहा महिन्यांचं रेशन, भाडं आणि मुलांची फी कुठून येणार, हे घरातल्या बाईला बहुधा जास्त नेमकं ठाऊक असतं. तिला विचारा. हिशेब जुळत नसेल तर जुनं काम चालू ठेवून संध्याकाळी नवं शिका. माग थांबला तरी चालेल, मुलाची शाळा थांबता कामा नये.