भरलेली की रिकामी?

रानडुकरांनी आणि रोह्यांनी हरभरा तुडवला की आमच्या साखऱ्याकडं कुणीतरी म्हणतंच, "एक ठासणीची घ्यायला पाहिजे." घ्या बुवा! १९५९च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी तिच्या परवान्याची सोय आहेच. कोकणात, सिंधुदुर्गाकडं, असे परवानेवाले पुष्कळ. (म्हणून शिकारीची मुभा मिळते असं नाही. १९७२चा वन्यजीव कायदा वेगळा.) पण मला बोलायचंय ते बंदूक भरण्याबद्दल.

काडतुसाचं माप कारखान्यात ठरतं. ठासणीत कारखाना म्हणजे आपणच. आधी दारू, मग बोळा, छर्रे, पुन्हा बोळा, आणि सगळ्यात शेवटी टोपी. दारू काळीच हवी, ती पण मापानं. "आज जरा जोरात जाऊ दे" म्हणून मूठभर नव्हे. काडतूस फोडून काढलेली बिनधुराची दारू तर अजिबात नको. तिचा दाब इतका जास्त की नळीच फाटते. ठासताना तोंड नळीवर नको आणि गजाच्या टोकावर तळवाही नको. विडी तर सोडाच.

एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. घात होतो तो दुसरीकडंच: बंदूक भरलेली आहे हेच विसरण्यात. ही चूक काय फक्त आपल्याकडची नाही हां. अमेरिकेत १८६३ साली गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावर सुमारे २७ हजार बंदुका गोळा केल्या. त्यातल्या २४ हजार भरलेल्या निघाल्या, आणि त्यातल्या निम्म्यांत एकावर एक दोन बार ठासलेले! हे शिकवलेले सैनिक. मग जागलीवर अर्धवट झोपेतल्या माणसाचं काय घेऊन बसलात?

यावर जुना उपाय आहे. गजावर दोन खुणा करायच्या, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या बाराची. गज आत सोडला की खूण सांगते.

तरी माझं मत विचाराल तर भरलेली बंदूक घरात येताच कामा नये. रात्री लागेल म्हणून खुंटीला भरलेली टांगतात, अन् घरात लेकरं! भरायची ती शेतात. परतताना समोर कुणी नाही बघून मातीच्या बांधात बार काढून टाकायचा. दारू वाया जाते म्हणणारे भेटतात. जाऊ द्या की वाया.

कुणाच्या घरी आजोबांची जुनी ठासणीची असेल, तर आधी टोपी काढा, अन् गजावर खुणा आहेत का ते बघून मला कळवा.