बहिणीची सही आणि कायद्याचे एक प्राध्यापक

१/ मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातील सीमेवरचे छोटे नगर. मराठी आणि कन्नड येथे शेजारी नांदतात. येथे काय किंवा महाराष्ट्रात अन्यत्र काय, वडील गेले की अनेक घरांत एक कागद पुढे सरकवला जातो : हक्कसोडपत्र. बहिणीने सही करावी, कारण ‘परंपराच तशी आहे’. ती परंपरा तपासून पाहू.

२/ मैंदर्गीच्या ईशान्येला, आजच्या कर्नाटकात, बसवकल्याण आहे. ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात (१०७६-११२६) विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ टीका लिहिली. पुढे बंगाल वगळता बहुतेक भारतातील हिंदूंचा वारसा कायदा तिच्यावरच उभा राहिला.

३/ या ग्रंथांचा आधुनिक अभ्यास ज्यांच्याशिवाय सांगता येत नाही, ते महामहोपाध्याय पां. वा. काणे. त्यांनी १९१७ पासून काही वर्षे मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयात अध्यापन केले. नीलकंठाचा ‘व्यवहारमयूख’ संपादित केला. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झाला. १९६३ मध्ये ते भारतरत्न झाले.

४/ काण्यांच्या कार्याचे मर्म माझ्या मते एकच : शास्त्र कधी गोठलेले नव्हते. स्मृतिकार, टीकाकार आणि निबंधकार यांच्यात शतकानुशतके मतभेद होते, आणि ते त्यांनी ग्रंथाधारे मांडून दाखवले.

५/ उदाहरण घ्या. वारशाने, खरेदीने वा वाटणीत स्त्रीला मिळालेले धनही विज्ञानेश्वराने ‘स्त्रीधन’ मानले. विभक्त, निपुत्रिक पुरुषाच्या विधवेला त्याने वारस ठरवले. ही व्याप्ती पुढे प्रिव्ही कौन्सिलने बऱ्याच अंशी आकसून टाकली. मुंबई इलाख्यात मात्र कन्येला वारशाने आलेली मालमत्ता पूर्ण मालकीची मानली गेली.

६/ दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. वडिलार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क मिताक्षरेने पुत्रालाच दिला. ही उणीव कायद्याने भरून काढली : महाराष्ट्राने १९९४ मध्ये, केंद्राने २००५ मध्ये. वडील २००५ पूर्वी निवर्तले असले तरी कन्येचा हक्क अबाधित राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

७/ येथे नगरपालिका कायद्याचा एक धडाही लक्षात ठेवावा. नगरपरिषदेच्या आकारणी नोंदवहीतले नाव घरपट्टी कोणाकडून घ्यायची एवढेच सांगते. मालकी ठरवत नाही. घरपट्टीची पावती भावाच्या नावावर आहे, म्हणून बहिणीचा हिस्सा संपत नाही.

८/ स्वेच्छेने हक्क सोडण्यास कोणाचीच हरकत नाही. पण माहेर तुटेल या भीतीने केलेली सही स्वेच्छेची कशी म्हणावी? आणि त्या सहीसाठी परंपरेची साक्ष काढणे हा इतिहासाचाही अपलाप आहे.

९/ इतिहासाची आवड असणाऱ्या मित्रांनो, किल्ले आणि लढाया अवश्य अभ्यासा. पण आपल्या घरातील जुने वाटणीपत्रही एकदा उघडून पाहा. त्यात कोणाची नावे आहेत, आणि कोणाची नाहीत?