वरचे गाव, खालचे गाव

कृष्णाकाठचा प्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे देवस्थाने उभी राहतात. वाईचा ढोल्या गणपती, औदुंबरचे दत्तस्थान, नरसोबाची वाडी, खिद्रापूरचा कोपेश्वर ही नावे आपल्याकडे घरोघरी पाठ असतात. माणसे एका देवळातून निघतात, दुसऱ्या देवळापाशी उतरतात आणि पेढे-बासुंदी घेऊन घरी परततात. यात गैर काहीच नाही. माझ्या आजीला आयुष्यात जो काही प्रवास घडला, तो असाच घडला. परंतु ही देवळे ज्या पाण्याच्या आश्रयाने उभी राहिली ते पाणी कोठून आले आणि पुढे कोणाच्या दारी जाणार, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी तरी तो विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर केवळ नकाशावर न शोधता काठाकाठाने जाऊन शोधले पाहिजे, असे माझे मत आहे.

मी शिरोळ तालुक्यातली. आमचे गाव पंचगंगेच्या काठी, तेरवाडच्या बंधाऱ्यापासून जवळ; म्हणजे कोल्हापूर आणि इचलकरंजी या दोन्ही शहरांच्या खाली. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि आई एस.टी.ने वाईपासून वाडीपर्यंत कृष्णेच्या काठाने आलो. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले आहे, म्हणूनच हा प्रवास परवडला. आई दुसऱ्यांच्या शेतात भांगलणीला जाते. चार दिवसांचा रोज बुडवून ती आली, तेव्हा नुसते दर्शन घेऊन परतायचे नाही असे मी मनाशी ठरविले होते.

क्षेत्र महाबळेश्वराला उगम पावलेली कृष्णा धोमच्या धरणातून वाईत येते. वाईचे घाट आणि १७६२ साली रास्त्यांनी बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ आम्ही पाहिले. ज्या गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम उभे केले, ते गाव पाहताना मला आनंद झाला. आईचे लक्ष मात्र घाटाच्या पायरीवर धुणे धुणाऱ्या बायकांकडे होते. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "पोरी, देवळं सगळी वरच्या पायरीला हैत. पर ह्या गावाचं सांडपाणी खाली कुठं जातंय?" हा प्रश्न तिने पुढे प्रत्येक गावात विचारला. विश्वकोशाच्या गावात अडाणी बाईने विचारलेला हा प्रश्न मला अभ्यासाच्या पुस्तकाइतकाच मोलाचा वाटतो.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते. न्यायासाठी ज्यांचे नाव आजही घेतले जाते त्या रामशास्त्री प्रभुण्यांचे हे गाव. पुढे कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन एकमेकींना भेटतात. या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. येथे मला भूगोलाच्या तासाला ऐकलेली एक गोष्ट आठवली. कोयनेच्या धरणात अडविलेले पुष्कळसे पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला नेतात; त्यावर वीज तयार होते आणि ते वाशिष्ठीला मिळून अरबी समुद्राला जाते. खरे पाहता या पाण्याची वाट पूर्वेकडची, बंगालच्या उपसागराची. म्हणजे पाणी उताराने वाहते हे जितके खरे, तितकेच माणसाने मनात आणले तर ते डोंगरही ओलांडते, हेही खरे.

सांगलीत आम्ही १९२९ सालच्या आयर्विन पुलावर उभ्या राहिलो. पुराच्या दिवसांत ज्या पुलाचे आकडे आमचे सारे गाव कानात प्राण आणून ऐकते तो हा पूल. येथे पाणी ४५ फुटांवर गेले की धोक्याची पातळी ओलांडली असे समजायचे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केले ते याच गावी, आणि 'संगीत शारदा' लिहिणारे देवल येथून जवळच्या हरिपूरचे. हरिपूरला वारणा येऊन मिळते आणि कृष्णा वाडीच्या दिशेने वळते. वाडीला तिला पंचगंगा मिळते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांची मिळून झालेली ही आपली कोल्हापूरची नदी. पावसाळ्यात पुराचे पाणी वाडीच्या देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा त्या 'दक्षिणद्वारा'त स्नान करण्यासाठी लांबलांबून माणसे धावत येतात.

आता मी मूळ मुद्द्याकडे येते. ज्या पाण्याला आपण वाडीला हात जोडतो, त्याला वरच्या अंगाला आपण कसे वागवतो? पंचगंगेकाठची आपली गावे पाण्यासाठी वर बघतात आणि सांडपाण्यासाठी खाली. कोल्हापूर शहर पंचगंगेच्या काठी वसलेले. परंतु नोव्हेंबर २०२३ पासून शहराला काळम्मावाडीच्या धरणातून थेट पाइपलाइनने पाणी आले आहे. इचलकरंजीही पंचगंगेच्याच काठी. २०१२ साली तेथे काविळीची साथ येऊन माणसे दगावली. हे शहर शिरोळ तालुक्यातून कृष्णेचे पाणी उचलते आणि तेही पुरेना म्हणून त्याने सुळकूडहून दूधगंगेचे पाणी मागितले, तर दूधगंगेकाठची गावे विरोधाला उभी राहिली. शहरांना स्वच्छ पाणी मिळावे याबद्दल दुमत नाही. पण ज्या नदीचे पाणी आपल्याला पिववत नाही, तीच नदी शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी पोटात घेऊन पुढे आमच्याकडे येते. आम्ही कोठे पाइपलाइन टाकायची? उन्हाळ्यात तेरवाडला मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. आम्हाला त्या वाचाव्या लागत नाहीत, वासावरून कळतात.

हे सारे पाहताना मला आजीने सांगितलेली तिच्या माहेरची रीत आठवली. तेही गाव कृष्णाकाठचेच. नदी सगळ्यांची, पण पाणवठे वेगळे. सर्वांत वर वाड्यावरच्यांचा, त्याखाली इतरांचा आणि सर्वांत खाली आमच्या वस्तीचा. वरच्यांनी भांडी घासली, गुरे धुतली की तेच पाणी वाहत आमच्या घागरीत यायचे. विहिरीला कुलूप घालता येते, वाहत्या नदीला घालता येत नाही. म्हणून गावाने ती वर-खाली अशी वाटून घेतली. मडक्यांची उतरंड असते तशी ही पाणवठ्यांची उतरंड. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा हुकूम काढला, १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या बळावर माझ्यासारखी मुलगी आज या कॉलेजच्या माठातले पाणी कोणाला न विचारता पिते. परंतु पाणवठ्यावरून मोडलेली तीच उतरंड आपण गावागावांत पुन्हा रचतो आहोत. फरक एवढाच, की पूर्वी खालच्या पाणवठ्यावर एक वस्ती असे, आता सबंध तालुका आहे.

काही मित्र यावर म्हणतात, "यात शहराचा काय दोष? पाणी खालीच वाहणार, हा सृष्टीचा नियम आहे." पाणी खाली वाहणे हा सृष्टीचा नियम आहे हे मलाही मान्य आहे. त्यात घाण सोडणे ही मात्र माणसाने केलेली सोय आहे. जी माणसे कोयनेचे पाणी डोंगरापलीकडे नेतात, जी २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने दहा वाघिणी भरून पाच लाख लिटर पाणी लातूरला पोहोचवितात, त्यांना गावचे सांडपाणी शुद्ध करून नदीत सोडणे अशक्य आहे, यावर माझा विश्वास बसत नाही. लातूरला गेलेल्या त्या गाडीचे नाव 'जलदूत' होते. मनात आणले तेव्हा आपण तीनशे किलोमीटरवरच्या माणसाची तहान ओळखली. मग पन्नास किलोमीटरवरच्या माणसाची ओळखायला काय हरकत आहे?

आणखी एक गोष्ट. कृष्णा वाडीला संपत नाही. तिची एकूण लांबी सुमारे १४०० किलोमीटर. त्यातला महाराष्ट्राच्या वाट्याचा भाग साधारण पाचवा हिस्सा. वाडीनंतर आम्ही मिरजेहून बेळगावच्या बाजूची गाडी धरली आणि कृष्णेवरचा पूल ओलांडून कुडचीला उतरलो. स्टेशनाबाहेर भाजी विकणारी बाई कानडी-मराठी मिसळून बोलत होती. आम्ही शिरोळकडच्या म्हणताच ती हसून म्हणाली, "तुम्ही वरनं सोडता, आम्ही बुडतो. उन्हाळ्यात मागितलं की देत न्हाई." मी थक्क झाले, कारण आमच्या गावात अलमट्टीबद्दल अगदी याच सुरात बोलतात! अलमट्टीची उंची आज ५१९.६० मीटर आहे, ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची कर्नाटकाची इच्छा आहे आणि फुगवट्याच्या भीतीने आपला त्याला विरोध आहे. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसांना ही भीती वाटणारच. लवादाने १९७६ साली कृष्णेच्या पाण्याची वाटणी केली. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी. पाण्याचे आकडे वाटून झाले, पण घाणीची आणि पुराची वाटणी कोणी केली?

अलमट्टीच्या पाण्यात जुन्या बागलकोटचा मोठा भाग गेला आणि तेथल्या लोकांना नवनगरात जावे लागले. जवळच कूडलसंगम आहे. जातीची उतरंड नाकारणाऱ्या बसवेश्वरांचे समाधिस्थान. धरणाच्या पाण्यात विहिरीसारखा कठडा बांधून ते राखलेले आहे. तेथून पुढे श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाड्याचा १९५७ सालचा प्रकाशम बंधारा आणि शेवटी समुद्र. एवढ्या लांबीच्या नदीवर प्रत्येक गाव कोणाचे तरी वरचे आणि कोणाचे तरी खालचे आहे. अलमट्टीसाठी न्याय मागणाऱ्या कोल्हापूरकरांनी शिरोळकडेही त्याच न्यायाने पाहिले, तर त्यांच्या मागणीला अधिक वजन येईल.

म्हणून आपल्या महाविद्यालयापुढे मी एक सूचना ठेवते. दरवर्षी आपली सहल गणपतीपुळ्याला किंवा गोव्याला जाते. पुढल्या वर्षी एक दिवस ती पंचगंगेच्या काठाने न्यावी. सकाळी प्रयाग चिखलीच्या संगमापासून निघावे, कोल्हापूरच्या घाटावर थांबावे, इचलकरंजी पाहावी, तेरवाडला उतरावे, वाडीचे दर्शन घ्यावे आणि सायंकाळी खिद्रापूरच्या स्वर्गमंडपाचे अठ्ठेचाळीस खांब पाहून परतावे. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी नाले मोजावेत, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी शुद्धीकरणाचा खर्च कोण करतो ते विचारावे, मराठीच्या विद्यार्थ्यांनी काठावरच्या बायकांचे बोलणे लिहून घ्यावे. प्रत्येक ठिकाणचे पाणी एकेका बाटलीत भरून आणावे आणि त्या बाटल्या आपल्या ग्रंथालयातील टेबलावर ओळीने मांडाव्यात. त्यावर व्याख्यान देण्याची गरज पडणार नाही.

सहल आमच्या बाजूला येईल तेव्हा सर्वांनी चहाला आमच्या घरी यावे, हे आग्रहाचे निमंत्रण. दूध घरच्या म्हशीचे असेल. पाणी मात्र विकत आणलेल्या जारमधले असेल.