आधी सरांची शाळा

असं समजा, पवित्र पोर्टलवर तुमची निवड झाली आणि शाळा मिळाली ती थेट तोरणमाळला. सातपुड्याचा घाट चढून तुम्ही सातवीच्या वर्गात उभे राहता. अपूर्णांक शिकवता. ‘समजलं का?’ म्हटलं की सगळ्या माना हलतात. एकाला फळ्याजवळ बोलवा. खडू धरून गप्प उभा! मधल्या सुट्टीत मात्र हाच पोरगा पावरीत नुसता सुटलेला असतो.

मग पटकन शेरा मारतो आपण, ‘कच्चा आहे.’ अहो, पण गणित कच्चं की आपला प्रश्नच त्याला परका? घरी मराठी नाही. त्यात दिवाळीनंतर काही मुलं आईबापासोबत ऊसतोडीला गुजरातकडे जातात. होता तो सरावही तुटतो.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा म्हणतो, शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा. २०२० चं धोरण तर जमेल तिथे आठवीपर्यंत म्हणतं. पण टीईटीत पावरीचा एक शब्दही कुणी विचारत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. रुजू होताना महिनाभर पावरीचे धडे द्या. शिकवायला गावातलीच शिकलेली पोरं घ्या, त्यांना रीतसर मानधन द्या. आणि तुम्ही, उद्याचे सर-मॅडम? आदेशाची वाट कशाला बघता? एक वही करा, रोज मुलांकडून पाच शब्द घ्या. तुम्ही चुकलात की वर्ग हसेल. हसू द्या, तेवढ्यानं त्यांची भीड चेपेल.