गवाह की वकील?

वर्गात उर्दू शिकवताना 'गवाह' आणि 'वकील' हे दोन शब्द मी मुद्दाम एकत्र घेतो. गवाह जे पाहिलं ते सांगतो. वकील अशिलाच्या फायद्याचं तेवढंच सांगतो. दोन्ही कामं गरजेची आहेत, पण एकाच खटल्यात एकाच माणसाने दोन्ही करू नयेत. सातवीतल्या पोरालाही हे पटतं. क्रिकेटच्या जगाला मात्र ते अजून पटवावं लागतं.

जून २०१७मध्ये इतिहासकार रामचंद्र गुहा सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासक समितीतून बाहेर पडले. तेव्हाच्या पत्रात त्यांनी थेट सुनील गावस्करांचं नाव घेतलं. खेळाडूंचे व्यवहार पाहणाऱ्या कंपनीचे तुम्ही प्रमुख आणि त्याच खेळाडूंवर समालोचनही तुम्हीच करणार, हे चालणार नाही, दोन्हींपैकी एक सोडा, असा त्याचा अर्थ. आपल्या सचोटीवर शंका घेतली म्हणून गावस्कर दुखावले.

मला त्यांच्या नियतीबद्दल काहीच म्हणायचं नाही. वेस्ट इंडीजचा तोफखाना हेल्मेटशिवाय खेळणारा हा माणूस आमच्या पिढीचा हिरो. पण प्रश्न नियतीचा नसून खुर्चीचा आहे. शिखर धवनच्या खराब फटक्यावर गावस्कर बोलले किंवा बोलले नाहीत, तरी ऐकणाऱ्याच्या मनात शंका येणारच.

दुसरी बाजूही पाहा. २०१९च्या विश्वचषकात संजय मांजरेकरांनी रवींद्र जडेजावर टीका केली. ती चुकली, हे त्यांनी नंतर मान्यही केलं. मार्च २०२०मध्ये ते मंडळाच्या समालोचकांच्या यादीतून बाहेर गेले. अधिकृत कारण जाहीर झालं नाही. कारण सांगितलं नाही की बाकीचे आपापल्या परीने ते ओळखतात आणि जीभ आवरतात.

ही सवय महाग पडते. फेब्रुवारी २०२१मध्ये उत्तराखंडचे प्रशिक्षक वसीम जाफर यांच्यावर धर्म पाहून संघ चालवल्याचे आरोप झाले. त्यांनी ते जाहीरपणे फेटाळले. आपल्या विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला, त्या संघातले हे जाफर. अनिल कुंबळे बोलले, इरफान पठाण बोलले. बहुतेक मोठी नावं गप्प राहिली.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी भंडारा जिल्ह्यातल्या एका शालेय स्पर्धेची बातमी मी एका साप्ताहिकाला पाठवली. माझा भाचा त्यात खेळत होता. त्याच्या २८ धावा मी पहिल्या ओळीत घातल्या. वीटभट्टीवर काम करणाऱ्या एका मजुराच्या पोराने पाच बळी घेतले होते, ते शेवटच्या ओळीत गेले. संपादकांनी जागेअभावी तीच ओळ कापली. आठवड्याने त्या पोराचा बाप पेपर घेऊन शाळेत आला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "सर, तुमी तं तिथंच होते ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खोटं काही लिहिलं नव्हतं. फक्त मामू म्हणून लिहिलं होतं आणि नाव दिलं होतं 'वार्ताहर'.

आता बातमी पाठवताना मी आधीच लिहितो की या संघात माझा भाचा आहे. वाचणारा मग त्याच्या हिशेबाने वाचतो. टीव्हीच्या पडद्यावरही एवढी एक ओळ यावी, की या समालोचकाला पैसे कोण देतं आणि तो कोणत्या खेळाडूचा व्यवहार पाहतो. गावस्करांचा मान त्याने कमी होणार नाही. बोलणारा गवाह आहे की वकील, एवढं तरी आपल्याला कळेल.